थेट बघू नये

४ जानेवारी

आज शाळेत नाव घातलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी! शिक्षणाची ओढ वगैरे काही नाही, इथे खोटं कशाला लिहू.

सूनबाई ज्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तिथे संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी विज्ञानाचा वर्ग निघतोय. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांनी येऊन परीक्षा द्यायची. कित्येक वर्षं कुलूप लागलेली प्रयोगशाळा तिने स्वतः झाडूनपुसून काढली. पण मुख्याध्यापिकाबाईंची अट अशी, की बारा जण झाले तरच वर्ग, नाहीतर त्या खोलीत मोडकी बाकं रचून ठेवायची. झाले अकरा. काल जेवताना पोरगी नुसता भात चिवडत बसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मग बारावी मी!"

"आई, आठवड्यातून तीन संध्याकाळी यावं लागेल."

"येईन की. घरात तरी काय करते? भिंतींशीच बोलते."

ते खरंच आहे. हे जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा जहाजावर, सूनबाई दिवसभर शाळेत. तर ठरलं. मी आकडा भरायला जाणार. मागे बसून स्वेटर विणायचा.

८ जानेवारी

स्वेटर विणायचा नाही. पहिल्याच दिवशी सूनबाईंनी, म्हणजे मॅडमनी (वर्गात मॅडमच म्हणायचं, असं मीच ठरवलं), लोकर पिशवीत घालायला लावली. बर्नरजवळ लोंबणारं काहीही नको. केस बांधायचे, बाह्या वर दुमडायच्या, चष्म्यावरून आणखी एक मोठा चष्मा चढवायचा. आरशात पाहिलं तर बेडकीण.

वर्गात एक शिंपीणबाई आहेत, जिभेला धार त्यांच्या कात्रीसारखीच. एक बस कंडक्टर आहे, तो शंका विचारतानाही "पुढे सरका" म्हणतो. आणि एक फोटोवाले आहेत. बाजारात त्यांचा जुना स्टुडिओ आहे. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठे असतील, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली म्हणे. मला सगळा वर्ग 'काकू' म्हणतो, हे मात्र नुसतं 'अहो' म्हणतात. नाव लक्षात राहत नसेल. मी दोनदा सांगितलं, तरी आपलं "अहो, तुमचं पेन पडलं," "अहो, इकडे उजेड बरा आहे." शिंपीणबाई उगाच खोकत होत्या. घसा बसला असेल.

१५ जानेवारी

आज मॅग्नेशियम पाहिलं. आधी हिरमुसले. एक मळकट करडी फीत, नाडीएवढी रुंद. मी मनात म्हटलं, याच्यासाठी खोली झाडली होय? मग मॅडमनी एक तुकडा हातात दिला आणि पॉलिश पेपरने घासायला लावला. वरचं करडं किटण निघालं आणि खालून असं काही चांदीसारखं चकाकायला लागलं, की मी तो तुकडा परत द्यायलाच विसरले. वजन तर नाहीच हाताला. ॲल्युमिनियमपेक्षाही हलका, म्हणून विमानांच्या भागांत वापरतात. ते किटण म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने धरलेलं पांघरूण. ते काढलं नाही तर फीत नीट पेटत नाही.

मग बजावून बजावून सांगितलं: जळताना थेट बघायचं नाही. डोळ्यांना इजा होते. तिरकं बघा, नाहीतर काळ्या काचेतून. फीत चिमट्यानेच धरायची, हात लांब, खाली वाळूचं ताट.

चिमट्यातली फीत बर्नरवर धरली. क्षणभर काहीच नाही. आणि मग! काय लिहू? पांढरं. दिव्याचं पांढरं नाही, दुधाचं नाही, त्याच्याही पलीकडचं. सगळ्या खोलीचे कोपरे उठून उभे राहिले. मी तिरकी बघत होते, म्हणून मला भिंतीवर बारा सावल्या दिसल्या, काळ्याकुळकुळीत, जणू आत्ताच कापून चिकटवलेल्या. कंडक्टर ओरडला, "थांबा, थांबा!" जणू बस सुटली.

विझल्यावर वाळूवर पांढरी राख पडली होती, बोट लावताच भुगा होणारी. सूनबाईचा चेहरा पाहिला. लग्न होऊन घरात आली तेव्हासुद्धा इतकी खुललेली पाहिली नव्हती मी तिला.

घरी येताना म्हटलं, "अगं, हे तू रोज करतेस?"

"रोज नाही हो आई. पण रोज करावंसं वाटतं."

२२ जानेवारी

राख फितीपेक्षा जड भरते! झाकणाच्या चिनी मातीच्या वाटीत फीत तापवली, झाकण मधूनमधून उचलून हवा दिली, आणि आधी-नंतर वजन केलं. लाकूड जळलं की हलकी राख उरते, हे आम्हाला जन्मापासून माहीत. इथे उलटंच. कारण ऑक्सिजन आत येऊन बसला. शिंपीणबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच. आयुष्यभर जळले आणि वजन वाढतच गेलं." मॅडमनाही हसू आवरलं नाही.

फोटोवाल्यांनी आज सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या काळी फोटो काढताना मॅग्नेशियमची पूड पेटवायचे. भपकन उजेड, आणि मागाहून धूर. फोटोतले सगळे डोळे विस्फारून बघतात ते त्याचमुळे. सांगत होते साऱ्या वर्गाला, पण बसले होते माझ्याकडे तोंड करून. मान आखडली असावी.

५ फेब्रुवारी

मध्ये लिहायला फुरसत झाली नाही. आता अभ्यास असतो!

परीक्षानळीत पाणी घालून सौम्य केलेलं ॲसिड, त्यात मॅग्नेशियमचा तुकडा. सोडावॉटरसारखे बुडबुडे, नळी हाताला गरम. तोंडाशी पेटती काडी नेली की 'फट्'! तो हायड्रोजन. मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती.

आज गीझरचंही कळलं. त्याच्या टाकीत मॅग्नेशियमची एक सळई असते. पाण्यात ती स्वतः झिजत राहते, म्हणून टाकीला गंज चढत नाही. संपली की नवी घालायची. मी म्हटलं, "म्हणजे घरातली बाई." सगळे हसले. फोटोवाले हसले नाहीत. म्हणाले, "अहो, पण सळई बदलतात तरी. बाईचं कोण बघतं?" बोलतात कमी, पण कधी कधी बरं बोलतात.

मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या राहून सगळं बघून गेल्या. काठीसारख्या ताठ. वर्ग नीट चालला तरच प्रयोगशाळा कायमची उघडायची, असं त्यांनी सूनबाईला सांगितलंय. त्यांना आगीची धास्ती आहे. मला तर वाटतं, त्यांना हसण्याचीही आहे.

१२ फेब्रुवारी

फोटोवाल्यांनी फळ्याजवळ लावायला वर्गाचे फोटो काढून आणले. कौतुक आहे, पण एक सांगावंच लागेल, कॅमेऱ्याचा कोन चुकतोय. कंडक्टरच्या फोटोत कंडक्टरचा नुसता कान, आणि मध्ये मी. तराजूच्या फोटोत तराजू कोपऱ्यात, आणि मध्ये मी. मी तसं त्यांना बोलून दाखवलं. म्हणाले, "हो, कॅमेरा जुना आहे. एकीकडेच ओढतो."

"मग दुरुस्त करून घ्या."

"आता या वयात कशाला?" म्हणाले.

शिंपीणबाईंना पुन्हा खोकला.

१९ फेब्रुवारी

लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

आज माझ्या हातून विपरीत घडलं. टेबलावर कागदावर मॅग्नेशियमचा कीस काढून ठेवला होता, ॲसिडच्या प्रयोगासाठी. शेजारी कंडक्टर फीत जाळत होता. त्याचा चिमटा सैल झाला आणि जळता तुकडा नेमका किसावर पडला. भडका उडाला. पांढराशुभ्र, सबंध ढीगच.

आणि मी काय केलं? समोर पाण्याचा जग होता, तो उचलून ओतला.

'पाणी नको' हे मला माहीत नव्हतं का? होतं. माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत, खाली दोन रेघा मारून लिहिलंय: जळत्या मॅग्नेशियमवर पाणी नको, हायड्रोजन सुटून आग भडकते. भिंतीवरचं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडंही नको, त्यातला ऑक्सिजनसुद्धा ते ओढून घेतं. फक्त कोरडी वाळू. सगळं पाठ. पण डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काही पेटलं की हात पाण्याकडे जातो. तसाच गेला.

मोठा आवाज झाला, ठिणग्या छतापर्यंत. मला कोणीतरी कोपराला धरून मागे ओढलं. मॅडमनी बादलीतली वाळू उलथली, आणि सगळं शांत झालं.

टेबल काळं पडलंय. मला ओरखडाही नाही. मोठ्या चष्म्यांमुळे सगळ्यांचे डोळे वाचले. ज्यांनी मागे ओढलं ते फोटोवाले होते, त्यांची बाही जळली आणि डावी भुवई अर्धी गेली. खरं तर त्यांचं टेबल खोलीच्या त्या टोकाला. माझ्या मागे ते काय करत होते, देव जाणे. पण होते म्हणून बरं.

मुख्याध्यापिकाबाई आल्या. खिडक्या बंद करून दाराला कुलूप घातलं.

सूनबाई वाटेत एक शब्द बोलली नाही. रागावली असणार. रागवायलाच हवं. मी आकडा भरायला गेले आणि तिच्या कष्टांवर पाणी ओतून आले, अगदी शब्दशः.

२१ फेब्रुवारी

वर्ग नाही. सूनबाई शाळेतून येते, जेवते, खिडकीशी बसते. मी तिच्या आवडीची भाजी केली, तिने ती हो-नाही करत खाल्ली. मला वाटलं, माझं तोंडही बघवत नसेल तिला.

संध्याकाळी फोटोवाले आले. माझा वाचायचा चष्मा प्रयोगशाळेत राहिला होता, तो मॅडमना विचारून आणला म्हणे. तो चष्मा सूनबाई शाळेतून सहज घेऊन आली असती. पण इकडे काहीतरी काम होतं म्हणाले. काय काम ते सांगितलं नाही. दोन कप चहा झाला, तरी काम आठवेना. अर्ध्या भुवईने माणूस सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. मला हसू येत होतं आणि हसायची लाजही वाटत होती.

मी म्हटलं, "माझ्यामुळे तुमची भुवई गेली."

"येईल परत," म्हणाले. "तुम्ही वर्गात परत या म्हणजे झालं."

"वर्गच नाही तर यायचं कुठे?"

"मग वर्ग उघडवा. अहो, तुम्ही बोललात तर त्या बाई ऐकतील. तुम्ही बोलता तेव्हा सगळे ऐकतात."

माणूस भाबडा आहे. माझ्या घरात माझं मांजरसुद्धा ऐकत नाही.

२२ फेब्रुवारी

आज धीर करून सूनबाईपुढे बसले. म्हटलं, "रागव तरी एकदा. बोलून मोकळी हो."

"आई, तुमच्यावर? अहो, चूक माझी आहे! कीस उघडा ठेवायला नको होता, तोही जळत्या फितीशेजारी. पाण्याचा जग त्या टेबलावर कशाला? आणि वाळूची बादली कोपऱ्यात ठेवली, सगळ्यांना दाखवली, पण एकाच्याही हातात कधी दिली नाही. मला वाटलं, वहीत लिहिलं की झालं." आणि रडायलाच लागली.

तीन दिवस आम्ही दोघी एकाच घरात, एकीला वाटतंय दुसरी रागावली, दुसरीला वाटतंय पहिली दुखावली. आणि भाजीची चव मात्र वाया गेली.

तिचे डोळे पुसले आणि म्हटलं, "हे बघ, पोहणं काठावर बसून येत नाही. हाताला शिकवायचं. सगळ्यांच्या हाताला."

मग आम्ही दोघींनी अंगणात वाळू चाळून उन्हात वाळत घातली. दमट वाळू म्हणजे पाणीच की. कागदाचे गोळे करून ढीग केला, आणि तो मॅग्नेशियम आहे असं समजून वाळू टाकायचा सराव केला. फेकायची नाही, फेकली तर जळता कीस उडतो. कडेने, हलकेच, पांघरूण घातल्यासारखी. बाळाला निजवताना घालतो तशी. ते मात्र माझ्या हाताला येत होतं.

२६ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेलो. सगळेच, आमच्या अंगणात वाळूचा सराव करून. मी आयुष्यात कुणापुढे भाषण केलेलं नाही. दारातच अडकले. मग शिंपीणबाईंनी मागून टोचलं, सुईच असावी.

म्हटलं, "बाई, पाणी मी ओतलं. त्या दिवशीच्या आगीबद्दल इथे सगळ्यांत जास्त मलाच माहीत आहे. खोलीला कुलूप घातलंत तर आम्ही आगीला घाबरायला शिकू. पण घाबरलेला माणूसच पाणी ओततो."

मी पुढे रेटलं. कीस झाकणाच्या कोरड्या डब्यात, डबा मॅडमच्या कपाटात, लागेल तेवढाच चिमूटभर बाहेर. जाळायची जागा एक, ॲसिडची दुसरी. प्रत्येक टेबलावर वाळूचं भांडं, आणि पाण्याचा जग खोलीबाहेर. आणि वर्षारंभी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने वाळू टाकून दाखवायची, त्याशिवाय काडीला हात नाही.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ताच."

कुलूप उघडलं. आधी बाराही जणांनी एकेक करून वाळू टाकून दाखवली. कंडक्टरने टाकताना तोंडाने "सावकाश उतरा" म्हटलं. मुख्याध्यापिकाबाईंचा ओठ एका बाजूने हलला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "आता तुम्ही जाळा."

फीत घासली, चिमटा घट्ट धरला, हात लांब. मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात मॅडमनी काळी काच दिली. फोटोवाल्यांना फळ्यासाठी त्या ज्वाळेचा फोटो काढायला सांगितलं होतं, ते कॅमेरा लावून उभे.

पेटली.

मला त्यातलं एवढंच आठवतं, की सूनबाई म्हणाली, "आई, छान!" वर्गात, सगळ्यांदेखत, मॅडमपणा विसरून. आणि मी चिमटा आणखी थोडा उंच धरला.

फीत विझली. राख वाळूत पडली. मुख्याध्यापिकाबाईंनी काच डोळ्यांवरून काढली. चेहरा पार बदलला होता, जत्रेत उभ्या राहिलेल्या पोरीसारखा. घसा खाकरून म्हणाल्या, "अजून एक जाळता येईल?"

आज आम्ही चार फिती जाळल्या. चौथी त्यांनी स्वतः.

२ मार्च

प्रयोगशाळा कायमची उघडली. पुढल्या वर्षीच्या वर्गासाठी आत्ताच वीस जणांनी नावं दिली आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्या बाकावरची जागा स्वतःसाठी राखून ठेवली आहे. मुलाचा जहाजावरून फोन आला होता. सूनबाईने त्याला सांगितलं, "तुझी आई आग लावते आणि विझवतेही." तो म्हणाला, "त्यात नवीन काय?" कार्टं!

२८ एप्रिल

निकाल लागला. मी पास! विज्ञानात वर्गात दुसरी. शिंपीणबाई पहिल्या, त्यांचं मोजमाप कधी चुकत नाही. कंडक्टरही पास. सगळा वर्ग पास, आणि एकटे फोटोवाले नापास. मला मेलं इतकं वाईट वाटलं!

त्यांना गाठून विचारलं, "असं कसं झालं? एकही तास चुकवला नाहीत तुम्ही."

"मॅग्नेशियम जळतानाचं निरीक्षण लिहा, असा सगळ्यांत मोठा प्रश्न होता," म्हणाले. "मी लिहिलं, पाहिलं नाही."

"पाहिलं नाही? इतके तुकडे जाळले तुमच्यासमोर!"

"थेट बघू नका, असं मॅडमनीच सांगितलं होतं. म्हणून मी दुसरीकडे बघत होतो."

"अहो, पण तिरकं तरी बघायचं! दुसरीकडे काय ठेवलंय?"

त्यांचे कान लाल झाले. नापास झाल्याची शरम वाटली असणार, मी उगाच टाकून बोलले. म्हणून लगेच म्हटलं, "काळजी करू नका. फेरपरीक्षेची तयारी मी करून घेते. रोज संध्याकाळी."

"रोज?" म्हणाले.

"रोज. आठवड्यातून तीनदा येऊन तुमचं काय झालं ते दिसलंच."

नापास झालेला माणूस एवढा खूश झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

२९ एप्रिल

आज सूनबाईने एक पाकीट दिलं. फोटोवाल्यांनी पाठवलं होतं, ज्वाळेचा तो फोटो, मुख्याध्यापिकाबाईंसमोर काढलेला. उघडला, तर त्यात ज्वाळा नाहीच. चिमट्याचं टोकही नाही. नुसता माझा चेहरा. त्या पांढऱ्या उजेडात सगळ्या सुरकुत्या दिसतात, एकही लपलेली नाही. आणि मी हसतेय. तोंडभरून, डोळ्यांतून, लहान पोरीसारखी. मी अशी हसते, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ बघत बसले.

"आई," सूनबाई म्हणाली, "ते मुद्दाम नापास झाले असतील का हो?"

"काहीतरीच! मुद्दाम कोण नापास होतं?"

ती हसत हसत आत गेली. सगळ्यांना हल्ली हसायला काय झालंय कोण जाणे.

पाच वाजता त्यांच्या स्टुडिओत शिकवणी आहे. पहिला धडा, जळताना काय दिसतं. मी आरशासमोर उभी राहून केस दोनदा विंचरले, आणि तो निळा स्वेटर घातला, नुकताच विणून झालेला. शिकवायला जाताना माणसाने नीटनेटकं जावं, एवढंच.